एक हरकत

प्रभाग कार्यालयात ती गेली होती गल्लीतल्या बंद दिव्याची तक्रार द्यायला, आणि शिरली भलत्याच दालनात. दार लोटलं तर आत माणसंच माणसं. भिंतीला पाठ लावून उभी, खिडक्यांच्या कट्ट्यांवर टेकलेली. समोरच्या पडद्यावर नकाशा होता आणि त्यात तिच्याच घरामागचा बंद पडलेला बस डेपो लाल रेघेनं आखलेला होता. आपलं घर असं वरून, छपराकडून, तिनं कधी पाहिलं नव्हतं. ते शोधता शोधता ती दारातच थबकली, मागून कुणी आलं म्हणून पाऊलभर आत सरकली, आणि ही बोलायच्या रांगेतलीच असं समजून एका माणसानं तिच्या हातात माईक दिला.

"बोला बाई," समोरच्या टेबलामागून नगरसेविका म्हणाली. "तुमचं काय म्हणणं आहे?"

म्हणणं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात तीच लोकांना विचारायची, आता कसं दिसतंय, ही काच बरी की ती, नाकावर रुततंय का. आणि लोक आपापल्या डोळ्यांचं गाऱ्हाणं सांगत बसायचे. तिला असं कुणी विचारून जमाना झाला होता. घरात म्हणणं असायचं ते थोरलीचं. थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ, वरच्या मजल्यावर राहणारी. दीर गेल्यापासून तर घराचा शेवटचा शब्द तिचाच. आणि ही धाकटी. लग्न होऊन आली तेव्हा कुणीतरी सहज म्हणालं धाकटी, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता गुडघे कुरकुरायला लागले, मुलगी नोकरीसाठी दूर जाऊन संसाराला लागली, तरी ही आपली धाकटीच. नवरासुद्धा काही ठरवायचं झालं की हिच्याकडे बघून विचारायचा, "मग, काय करायचं?" आणि त्याचा अर्थ असायचा, वहिनी काय म्हणाली. माईक हातात गरम लागत होता. परत द्यावा आणि निघावं, असं मनात आलं खरं, पण तोंड आधीच उघडलं होतं. आपण कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात काम करतो, ती म्हणाली. संध्याकाळी वीज गेली की सगळ्या गल्लीतले डिझेलचे जनरेटर सुरू होतात आणि सकाळी दुकानातल्या प्रत्येक चष्म्यावर काळी पूड बसलेली असते. ती आपण रोज पुसतो. जी पूड काचेवर बसते ती छातीतही बसत असणार, फक्त तिथं पुसायला कुणी नाही. "तुम्ही जे काय आणताय त्यानं ते जनरेटर बंद होणार असतील तर मला ते समजून घ्यायचंय. होणार नसतील तर तसं स्पष्ट सांगा." कुणीतरी टाळी वाजवली, मग आणखी कुणीतरी. आपलाच आवाज भिंतींवर आपटून मोठा होऊन परत आला होता, आणि तो तिला अनोळखी वाटला नाही, हेच मोठं नवल होतं. कानाच्या पाळ्या पेटल्यासारख्या झाल्या होत्या. ती खिडकीच्या कट्ट्यावर बसली आणि शेवटपर्यंत उठली नाही.

प्रकल्प मुळात साधा होता. आसपासच्या छपरांवर सौर पॅनेल बसली होती. त्यांची वीज दुपारी उरायची आणि संध्याकाळी, नेमकी हवी तेव्हा, नसायची. तर ती दुपारी साठवायची आणि संध्याकाळी गल्ल्यांना द्यायची. त्यासाठी डेपोच्या मोकळ्या जागेत बॅटऱ्यांच्या मोठाल्या लोखंडी पेट्या. चालवणार रहिवाशांचीच सहकारी संस्था. संस्थेची इंजिनीअर म्हणजे केस घट्ट बांधलेली एक तरुण मुलगी, जी प्रत्येक प्रश्नाला आधी "बरोबर आहे" म्हणायची आणि मग उत्तर द्यायची. मंजुरी मात्र रहिवाशांच्या सभेत हात वर करून घ्यायची होती, आणि ती याच हंगामात. नाहीतर प्रकल्प शेजारच्या प्रभागात जायचा, ते तर टपूनच बसले होते. हे सगळं डोक्यात घुमवत ती घरी निघाली, तेव्हा रस्त्यावर नेहमीचीच वर्दळ होती, फळवाला नेहमीसारखाच तिला बघून न बघितल्यासारखं करत होता, पण तिच्या अंगात वारं शिरलं होतं. पाय जमिनीला लागतायत की नाही हे बघायला तिनं खरंच एकदा खाली पाहिलं. लहानपणी वक्तृत्वाच्या स्पर्धेत तिचं नाव घातलं होतं आणि नेमका त्याच दिवशी घसा बसला. आईनं कोमट पाणी दिलं आणि म्हणाली, जाऊ दे, आपल्यात कोण बोलतं. तेव्हा तिला खरं तर सुटल्यासारखंच वाटलं होतं. मग आता हे काय होतं? दारात नवऱ्यानं विचारलं, दिव्याचं काय झालं. तिला आधी कळेचना तो कुठल्या दिव्याबद्दल बोलतोय, आणि मग ती अशी हसत सुटली की पाण्याचा पेला हातात घेऊनसुद्धा तिला पिता येईना.

मोहिमेत ती कधी ओढली गेली हे तिला नंतर सांगता आलं नसतं. भूगोलाचे सर तिच्या दुकानात आले होते, चष्म्याच्या दांडीसाठी. सभेत तुम्ही बरं बोललात म्हणाले, आणि दांडी बसवून होईस्तोवर त्यांनी तिला पाठिंब्याच्या सह्या घ्यायला तीन इमारती वाटून दिल्या होत्या. सर निवृत्त झाले होते तरी अजून फळ्यासमोरच उभे असल्यासारखे बोलायचे. पहिल्या दारापाशी ती बेल न वाजवता इतका वेळ उभी राहिली की समोरच्या दारातल्या बाईंनीच विचारलं, कोण हवंय? मग मात्र जमत गेलं. तिच्या पर्समध्ये दुकानातला बारीक स्क्रूड्रायव्हर आणि नाकावरच्या पट्ट्यांची पुडी असायची. दार उघडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याआधी तिला त्याचा चष्मा दिसायचा. ढिला असला की ती म्हणायची, द्या इकडे, आवळून देते, आणि स्क्रू आवळता आवळता बॅटऱ्यांचं बोलायची. डोळ्यांवर चष्मा नसलेला माणूस भांडत नाही, थोडा लहान होतो, हे तिनं आयुष्यभर बघितलं होतं. तरी भांडणारे भांडलेच. एका गृहस्थांनी, यात कुणाकुणाचे हात ओले झाले ते आधी सांगा, म्हणून तिला उंबऱ्यातच उभं केलं आणि शेवटी आपल्या बायकोचाही चष्मा आणून दिला. एका घरात तिला काहीच बोलता आलं नाही, कारण तिथली म्हातारी फक्त संध्याकाळच्या उकाड्याबद्दल बोलत राहिली, पंखा बंद पडला की छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं म्हणून. आणि तिथून बाहेर पडल्यावर धाकटी दोन जिने धावत चढली. धापा टाकत वरच्या दारापाशी उभी राहिली तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण खूष आहोत. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. इतकी माणसं, इतक्या घरांचे वेगवेगळे वास, इतके नाही आणि मधूनच एखादा हो; ती रोज दुकान सुटल्यावर एखाद्या गोष्टीच्या मागे लागावं तशी या जिन्यांच्या मागे लागली होती.

आणि मग एका दारातून उत्तर आलं, "अहो, तुमच्या जाऊबाई आत्ताच येऊन गेल्या."

पुढच्या दारातही तेच. थोरली रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून निघाली होती, हरकतीच्या सह्या घेत. घरी तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. सकाळी खाली येऊन वर्तमानपत्र घेऊन जायची, धाकटीच्या चहाला नावं ठेवायची, सगळं नेहमीचं. ताकास तूर लागू दिली नव्हती. धाकटीच्या मनात आधी उठला तो राग नव्हता, भीतीच होती, जुनी, सवयीची. स्वयंपाकघरात थोरलीची पावलं ऐकून हात आपोआप भरभर चालायचे तशी. दोघी तिसऱ्या इमारतीच्या जिन्यात समोरासमोर आल्या. थोरली वरून उतरत होती, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात सह्यांची फाईल. एक जण बाजूला झाल्याशिवाय दुसरीला वाट नव्हती, आणि धाकटी बाजूला झाली नाही. तिला स्वतःलाच ते उशिरा कळलं.

"तू बोलायला कधीपासून लागलीस?" थोरलीनं विचारलं. त्यात टोमणा होता, पण थोडं कुतूहलही होतं.

"त्या दिव्याच्या दिवसापासून," धाकटी म्हणाली. "वहिनी, तुमचा विरोध कशाला आहे ते तर सांगा. घरात सांगितलं असतंत तर."

"घरात तू ऐकून घेतलं असतंस आणि मान डोलावली असतीस." थोरली पायरीवर बसली. बसताना गुडघ्यावर हात दाबला. मग तिनं जे सांगितलं ते धाकटीनं अर्धंमुर्धं ऐकलेलं होतं, सासरच्या गोष्टी ऐकतात तसं, पण थोरलीच्या तोंडून कधीच नाही. डेपो व्हायच्या आधी तिथं रंगाचं गोदाम होतं. थोरलीच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा ते पेटलं, भर दुपारी. ती गच्चीवर ओल्या चादरी टाकत होती आणि तिला आगीचा बंब दिसत होता. गल्लीच्या वळणावर अडकलेला. पुढे जायचा, मागे यायचा, पुन्हा पुढे. चालक दार उघडून वाकून चाकं बघत होता. गोदामाचा पहारेकरी आत होता; रोज सकाळी तो तिला नव्या नवरीला म्हणावं तसं अदबीनं "वहिनीसाहेब" म्हणायचा, या घरात तिला पहिल्यांदा मानानं हाक मारली ती त्यानं. बंब वळेपर्यंत छप्पर खाली आलं होतं. "गोदाम गेलं, डेपो आला, डेपोही गेला. गल्ली तेवढीच आहे. तुझ्या त्या पेट्यांना आग लागत नाही म्हणतात. नसेल लागत. लागली तर बंब कोण वळवणार, तुझे भूगोलाचे सर?"

थोरली उठली, आणि या वेळी धाकटी बाजूला झाली, पण ते जागा द्यायला. मान खाली घालून नव्हे. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती वळणावर जाऊन उभी राहिली. ऊन कडक होतं. कुणाच्या तरी घराचं सामान घेऊन एक ट्रक आत येत होता आणि तिच्या डोळ्यांदेखत तो वळणावर अडला. पुढे, मागे, पुन्हा पुढे, आणि शेवटी चालकानं कपाट तिथंच उतरवायला सांगितलं. तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या खाली, एखाद्या नळात पाणी यायच्या आधी हवा खडखडते तसं, काहीतरी खडखडत होतं. थोरली बरोबर होती आणि तरी आपण चूक नव्हतो. असं आयुष्यात आधी कधी झालंच नव्हतं. थोरली बरोबर म्हणजे आपण चूक, हा हिशेब इतक्या वर्षांचा. आता दोन्ही खरं होतं आणि मधे फक्त एक वळण होतं, दगडविटांचं, मोजता येण्यासारखं. ती उन्हात उभी राहून भिंती बघत राहिली. डेपोच्या मागच्या भिंतीपलीकडे पाणीपुरवठा खात्याचं आवार होतं, गंजलेल्या पाइपांनी भरलेलं, आणि त्या आवाराचं फाटक थेट मोठ्या रस्त्यावर. कपाट उचलून नेणारा हमाल म्हणाला, बाई, सरका जरा. ती सरकली, आणि जेवण तसंच ठेवून सरांकडे गेली.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मुद्दा योग्य आहे म्हणाले. पण तो मंजुरीनंतर काढू. सभा आठवड्यावर आली आहे, आता वळणाचा विषय निघाला तर सभा तहकूब होईल, हातची मंजुरी जाईल, आणि शेजारचे प्रभागवाले गालातल्या गालात हसतील. सरांचं चुकत होतं असंही नव्हतं. ती रात्री अंथरुणात या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. नवरा म्हणाला, इतका जीव का काढतेस, ती काय तुझी एकटीची वीज आहे? हो, तिला म्हणावंसं वाटलं, माझीच आहे. उकाड्याच्या म्हातारीची, हात ओले झालेत म्हणणाऱ्याची, आणि माझी. सभेत ती दोनदा उठायला गेली तेव्हा सरांनी तिच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली, आणि तिसऱ्यांदा ती उठलीच. या वेळी माईक तिनं मागून घेतला. ती म्हणाली, मी या प्रकल्पाच्या बाजूनं दारोदार फिरले आहे आणि अजूनही बाजूनंच आहे. पण बंब आमच्या गल्लीत वळत नाही. वळायची सोय आधी करा, मग आमचे हात मागा. आणि ही हरकत माझी नाही, ती माझ्या जाऊबाईंची आहे. मागच्या रांगेत थोरली बसली होती. तिचा चेहरा हलला नाही. दालनात कुजबूज उठली. इंजिनीअर मुलगी उभी राहिली आणि या वेळी तिचं "बरोबर आहे" वेगळं ऐकू आलं. हा मुद्दा आपल्या टिपणात होता, ती म्हणाली, पण पाणीपुरवठा खातं जागा देत नाही म्हणून तो नंतरवर टाकला गेला. टाकायला नको होता. नगरसेविकेनं घड्याळ पाहिलं आणि सभा तहकूब केली.

बाहेर सर तिच्याशी बोलले नाहीत. तिला रडू यायला हवं होतं, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला भयंकर भूक लागली आहे.

त्यानंतरचे दिवस गर्दीगर्दीनंच गेले. पाणीपुरवठा खात्याचे अधिकारी आज दौऱ्यावर, उद्या बैठकीत, परवा जेवायला. लांबलचक बाक होता, त्याच्यावर धाकटी, इंजिनीअर मुलगी आणि चारसहा रहिवासी रोज ओळीनं बसायचे, आणि चौथ्या की पाचव्या दिवशी थोरली येऊन त्यांच्यात बसली. मी तुमच्या पेट्यांसाठी आलेले नाही, असं तिनं बसायच्या आधीच सांगितलं. मी फाटकासाठी आले आहे, आणि तुम्हाला कुणाला बोलता येत नाही. दार उघडल्यावर ती कुणी बोलवायची वाट न बघता आत गेली. अधिकारी म्हणाले की जागा खात्याची आहे, पाइप हलवायचे तर वरून आदेश लागेल. थोरलीनं विचारलं, वर म्हणजे किती वर, जिना आहे की लिफ्ट? इंजिनीअर मुलीनं खोकल्याच्या निमित्तानं तोंड झाकलं. दुसऱ्या दिवशी ती सगळी वरात नगरसेविकेकडे गेली. आपली आणि थोरलीची, दोन्ही फायली शेजारी ठेवून समजावत असताना धाकटीला दिसलं की हरकतीच्या सह्या आणि पाठिंब्याच्या सह्या यांत कितीतरी माणसं तीच आहेत. दोघींना नाही म्हणणं जड गेलं असणार. तिनं ते नगरसेविकेला दाखवलं. म्हणाली, हे बघा, यांना वीजही हवी आहे आणि जीवही, तुम्ही निवडणुकीत यांच्याकडे कुठल्या सहीच्या जोरावर जाणार? असलं वाक्य आपल्या तोंडून निघालं याचा तिला धक्का बसला, आणि लगेच दुसरंही सुचलं. नगरसेविकेनं एकदा हिच्याकडे, एकदा थोरलीकडे बघितलं. मग तिनं फोन उचलला. शेजारच्या खोलीत ती कुणाशी काय बोलली ते कळलं नाही, पण आठवडाभरात आवारातले पाइप एका बाजूला रचले गेले आणि डेपोच्या मागच्या भिंतीला बंबाएवढं भोक पडलं. सर पहिल्यांदा तिथं आले तेव्हा भिंतीच्या विटा पायानं सरकवत उभे राहिले. शेजारचा प्रभाग अजून कागदच गोळा करतोय, ते विटांकडेच बघत म्हणाले, आणि तिला चहा विचारला.

बंबाची चाचणी भर सकाळी झाली. अख्खी गल्ली खिडक्यांत आणि छपरांवर होती. थोरली गच्चीवर गेली नाही. ती भिंतीच्या भोकापाशी, अगदी रस्त्यालगत येऊन उभी राहिली, आणि धाकटी तिच्या शेजारी. मोठ्या रस्त्यावरून तो लाल बंब वळला, फाटकातून सरळ आत शिरला, आवारातून डेपोत, आणि डेपोच्या मोकळ्या जागेत एकाच फेरीत गोल फिरून तोंड बाहेरच्या बाजूला करून थांबला. मागे घ्यावा लागला नाही. चालकानं घंटा वाजवली. धाकटीच्या घशातून काहीतरी निघालं, हसू की आणखी काही, आणि तिला जाणवलं की आपलं मनगट कुणीतरी घट्ट धरलंय, दुखेल इतकं. थोरली समोर बघत होती. ओठ नुसतेच हलत होते. बंब थांबून कितीतरी वेळ झाला तरी तिनं मनगट सोडलं नाही, आणि धाकटीनंही ते सोडवून घेतलं नाही.

पुढच्या सभेत बसायला जागा नव्हती. नगरसेविकेनं बाजूचे हात वर करायला सांगितले आणि ते असे एकदम वर गेले की धाकटीला पुढचं दिसेना. तिचा स्वतःचा हात त्यांत कुठला हे तिला क्षणभर ओळखू आलं नाही. उकाड्याची म्हातारी नातवाच्या खांद्याचा आधार घेऊन उभी होती आणि तिनं दोन्ही हात वर केले होते. लोक हसले, तिचा एकच धरला. मग विरोधातले. मागच्या रांगेत एक हात वर गेला. थोरलीचा. सरळ, ताठ, कुणाकडे न बघता. सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि टिपणं घेणाऱ्या कारकुनानं एक हरकत म्हणून लिहून घेतलं. ठराव मंजूर झाला, टाळ्या झाल्या, इंजिनीअर मुलगी जवळच्या खुर्चीवर एकदम बसली आणि तिनं तोंड ओंजळीत घेतलं. देखरेख समितीवर घ्यायच्या माणसांत धाकटीचं नाव पुकारलं गेलं. ती मात्र गर्दीतून वाट काढत बाहेर धावली. थोरली व्हरांड्याच्या टोकापर्यंत पोचली होती.

"तुम्ही विरोधात हात वर केलात," धाकटी म्हणाली. तिला दम लागला होता. "फाटक झालं. बंब आला. तुम्हीच आणलात. मग राहिलं काय?"

"काही राहिलं नाही. चांगलं झालंय."

"मग?"

थोरली थांबली. "अगं, सगळ्यांनी हो म्हटलं की सगळे घरी जाऊन झोपतात. कागदावर एक तरी नाही म्हणणारी असली ना, की त्यांना धाक राहतो, ही बाई परत येईल विचारायला. आणि मी येणार. फाटकाला कुलूप आहे का, त्याची किल्ली कुणाकडे, सगळं विचारणार." तिनं पदर नीट केला. "समितीवर तू आहेस. उत्तरं तू द्यायचीस."

"मला सगळी नाही येणार."

"मग शीक."

दालनाचं दार उघडून माणसं बाहेर सांडायला लागली होती, त्यांच्या आवाजानं व्हरांडा भरत होता. धाकटीला हसू फुटलं, असं की ते आवरायची तिला गरजच वाटली नाही; दोघंतिघं थबकून बघायला लागले. थोरली जिन्याकडे वळली होती.

"थांबा ना वहिनी," तिनं मागून हाक मारली. "पहिला प्रश्न आत्ताच विचारा."

थोरली वळली, कठड्याला टेकली, आणि तिनं खरंच विचारला. आणि तो चांगलाच अवघड होता.